पुराची जबाबदारी : वाटा ज्याचा त्याचा

23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूर विसरणार नाही. आदल्याच दिवशी घरोघरी महालक्ष्म्यांचे जेवण झाले होते, गणपती बसलेले होते. मध्यरात्रीनंतर पावसाने जो जोर धरला तो उजाडेपर्यंत सोडला नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव सांडव्यावरून धो धो वाहू लागला, नाग नदीने पात्र सोडले आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, रामदासपेठ, सीताबर्डी या भागांत लोक झोपेतून उठले ते पाण्यातच. मोरभवनच्या स्थानकात उभ्या बसगाड्या पाण्याखाली गेल्या. बचावासाठी लष्कर बोलवावे लागले. मूकबधिर शाळेतली मुले आणि महाविद्यालयाच्या वसतिगृहातल्या मुली यांना बाहेर काढावे लागले. अंथरुणावरून उठू न शकणाऱ्या वृद्ध स्त्रिया घरातच दगावल्या. सुमारे दहा हजार घरांना फटका बसल्याचे सरकारनेच सांगितले.

पाणी ओसरले आणि भांडण सुरू झाले. पाण्यात बुडालेले लोक म्हणाले, महापालिकेने नदी साफ केली नाही, तलावासमोर बांधकामे होऊ दिली, वेळेवर कोणी सावध केले नाही. दुसऱ्या बाजूने उत्तर आले की नाल्यांवर भिंती लोकांनीच बांधल्या, कचरा लोकांनीच टाकला, ढगफुटीपुढे कोणाचे काय चालणार? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणूनच ते भांडण कधी संपत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोणाच्याच अंगावर काही येत नाही. सरकार आणि नागरिक यांच्यात पुराच्या जोखमीची वाटणी नेमकी कशी व्हावी, हा या पुस्तकाचा विषय त्या न संपलेल्या भांडणातून आला आहे.

विषय साऱ्या शहराचा असला तरी या पानांत तो इतवारीतून मांडला आहे. 2023 चा मुख्य तडाखा शहराच्या पश्चिमेला बसला होता. तरीही इतवारी निवडण्याचे कारण असे की सरकारी चूक आणि खाजगी चूक कशा एकमेकींच्या आधाराने उभ्या राहतात हे इथे हातभर अंतरावरून दिसते. दक्षिणेला नाग नदी, उत्तरेला पिवळी नदी आणि मधल्या या जुन्या दाट वस्तीत पाणी मुरायला उघडी माती जवळजवळ उरलेली नाही. किराणा ओळ, सराफा, मस्कासाथ, गांधीबाग. भंडारा-गोंदियापासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे दुकानदार जिथून माल नेतात ती ही बाजारपेठ. इथे घोटाभर पाणी शिरले तरी नुकसान माणसाच्या कमाईचे असते.

एखाद्या जुन्या ओळीत उभे राहून पायाखाली पाहावे. दुकानाच्या ओट्याला लागून पूर्वी उघडी नाली होती. तिच्यावर आधी फरशी आली, मग फरशीवर सिमेंट, मग सिमेंटवर पायरी आणि पायरीवर मालाचे नमुने. सफाई कामगार येतो तेव्हा दोन दुकानांमधल्या वीतभर फटीतून त्याचे फावडे जितके आत जाईल तितकाच गाळ वर येतो. तो गाळही काठावरच पडून राहतो आणि पुढच्या सरीला पुन्हा आत जातो. तिथून तळघरात उतरावे. साबुदाण्याचे कट्टे थेट जमिनीवर, पुठ्ठ्याची खोकी भिंतीला टेकलेली, विजेच्या मीटरची पेटी गुडघ्याच्या उंचीवर, इन्व्हर्टरची बॅटरी कोपऱ्यात खाली. जिन्याच्या तोंडाशी उंबरठासुद्धा नाही. रस्त्यावरचे पाणी चार बोटे चढले की ते पहिल्यांदा इथेच येणार.

या एवढ्याशा जागेत सारी वाटणी दिसते. नालीतला गाळ काढणे आणि तो उचलून नेणे हे महापालिकेचे काम. नालीवर पायरी बांधणे हा दुकानदाराचा दोष. ती पायरी चढत असताना जो अधिकारी रोज तिथून गेला आणि काही बोलला नाही, त्याचा दोष पुन्हा सरकारच्या खात्यावर. आणि जमिनीवर ठेवलेले कट्टे निव्वळ मालकाच्या हातातले. नुकसान झाल्यावर मात्र या चौघांचा हिशेब एकाच आकड्यात मिसळतो आणि त्याला आपण नैसर्गिक आपत्ती म्हणून मोकळे होतो.

इतवारीला भागीदारी म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. ज्याचे भांडवल जास्त, ज्याच्या हातात सही, त्याची जोखीम मोठी. कोणी काय आणायचे, कोणी काय पाहायचे, तोटा कसा सोसायचा हे आधी कागदावर येते आणि प्रत्येक भागीदाराला वही पाहण्याचा हक्क असतो. पुराच्या बाबतीत सरकार आणि नागरिक पिढ्यान्‌पिढ्या भागीदार आहेत, फक्त कागद कधी झालेला नाही. तो झाला पाहिजे, आणि त्याची पहिली अट वही उघडी करण्याची असली पाहिजे. जोखीम वाटून घ्या असे नागरिकाला सांगण्याआधी ती किती आहे आणि कुठे आहे हे त्याला सांगावे लागेल. माहिती न वाटता जबाबदारी वाटली तर ती लोकांवर ढकलल्यासारखीच होते. या पुस्तकाचे सारे म्हणणे या एका वाक्याभोवती फिरते.

मोठा भागीदार सरकार आहे, याबद्दल शंका असू नये. नागपूरचे पाणी पहिल्यापासून सत्तेनेच वळवलेले आहे. गोंड राजा बख्त बुलंद शहाने अठराव्या शतकाच्या आरंभी हे शहर वसवले. त्याच्यानंतरच्या चांद सुलतानाच्या काळात आजचा गांधीसागर, म्हणजे जुना जुम्मा तलाव, आकाराला आला. अंबाझरीचे धरण दीडशे वर्षांहून जुने, शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेले. नदी कुठे अडवायची, सांडवा केवढा ठेवायचा, त्याच्या खाली वस्तीला परवानगी द्यायची की नाही, यातले काहीही घरमालकाला विचारून ठरलेले नाही. सांडव्यासमोरच्या विवेकानंद पुतळ्याच्या चौथऱ्याने प्रवाहाला अडथळा होतो का, हा प्रश्न 2023 नंतर पूरग्रस्त नागरिकांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे न्यावा लागला. तलाव, नदी, पूल, नाले, परवाने आणि इशारे हा सरकारचा वाटा. त्यात सामान्य माणूस भागीदार होऊ शकत नाही. तो फक्त जाब विचारू शकतो.

जाब विचारायचा तर कोणाला, हेही सरळ नाही. शहरात महानगरपालिका आहे, 1936 पासूनचे नागपूर सुधार प्रन्यास आहे, जलसंपदा विभाग आहे, सार्वजनिक बांधकाम आहे, मेट्रो आहे. प्रत्येकाचा रस्ता वेगळा, पूल वेगळा आणि पाणी मात्र सगळ्यांच्या हद्दी ओलांडत जाणारे. त्यात मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. 2023 च्या त्या पहाटे प्रभागातल्या माणसाला फोन करून उठवावे असा निवडून आलेला नगरसेवकच नव्हता. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा. त्यानुसार जिल्ह्याचे प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली चालते. 2025 च्या दुरुस्तीने महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र शहरी प्राधिकरणाची वाट मोकळी केली आहे. एका शहराच्या पाण्याला एक उत्तरदायी धनी मिळावा म्हणून ही तरतूद महत्त्वाची आहे. ती कागदावर राहू नये यासाठी नागरिकांनी मागे लागायला हवे.

आता वहीची गोष्ट. महाराष्ट्रात पाटबंधारे खात्याच्या 1989 च्या परिपत्रकापासून नदीकाठी दोन रेषा आखण्याची पद्धत आहे. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये निर्बंध. ‘25 वर्षांतून एकदा’ हे ऐकायला दिलासा देणारे वाटते, पण त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात चार वेळा अशी शक्यता. वीस वर्षांचे गृहकर्ज काढून निळ्या रेषेवर घर घेतले तर कर्ज फिटण्याआधी एकदा तरी पाणी दारात येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होते. हा हिशेब सदनिका विकत घेणाऱ्याला विक्रीच्या वेळी कोण समजावून सांगतो? बँक सांगत नाही, बिल्डर सांगत नाही, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातही तो सांगितला जात नाही. पूररेषेचा नकाशा विकास आराखड्याच्या कागदांत असतो. तो खरेदीखताला जोडलेला नसतो. ज्याने मंजूर नकाशा पाहून, शिक्का पाहून, आयुष्याची पुंजी घातली, त्याला पुरानंतर ‘तुम्ही इथे घर घेतलेच का?’ असे विचारणे अन्यायाचे आहे.

देशपातळीवरही चित्र वेगळे नाही. केंद्रीय जल आयोगाने पूरक्षेत्रांच्या वापराबाबत आदर्श विधेयक 1975 मध्ये राज्यांकडे पाठवले. अर्धशतक उलटले, त्याच्या आधारे कायदा करणारी राज्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. सांगली-कोल्हापूरच्या 2019 च्या महापुरानंतर वडनेरे समिती आली. जाणकारांनी सांगायचे ते सांगून ठेवले आहे. अडते ते अहवाल आणि प्रभागातला कनिष्ठ अभियंता यांच्या मध्ये.

काही पूर असे असतात की त्यांपुढे एकट्या घराच्या तयारीला अर्थ नसतो, हेही मनात पक्के ठेवावे लागेल. याच नागपूर जिल्ह्यात, नरखेड तालुक्यातल्या मोवाडला 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या पुराने दोनशेहून अधिक माणसे नेली. 2020 च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातल्या धरणांतून सुटलेल्या पाण्याने वैनगंगेकाठचा पूर्व विदर्भ बुडाला. धरणाचे दार किती वाजता उघडले, निरोप किती वाजता पोचला, हे दोन आकडे तिथे जीव-मरणाचे होते, आणि दोन्ही सरकारच्या हातातले. अशा ठिकाणी नागरिकाच्या जबाबदारीची भाषा करणे म्हणजे सरकारने आपला वाटा झटकणे.

पण प्रत्येक पूर मोवाडचा नसतो. शहरात वर्षानुवर्षे जे पाणी साचते त्यातले बरेच घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचे असते. या पाण्याशी घर, दुकान आणि ओळ आपल्या बळावर पुष्कळ काही करू शकते. इथे नागरिकाचा वाटा खरा आहे, आणि तो चुकवणाऱ्याला सरकारकडे बोट दाखवण्याचा नैतिक अधिकार उरत नाही, असे मी मानतो. नालीवरचे पक्के बांधकाम काढून उचलता येईल अशी जाळी बसवणे. तळघराच्या तोंडाशी वीतभर उंच उंबरठा. माल लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून हातभर वर. मीटर आणि बटणे छातीच्या उंचीवर. हिशेबाच्या वह्या, बिले आणि मालाची यादी यांची एक प्रत दुसऱ्या जागी. अंगण असेल तर सगळेच्या सगळे पेव्हरने न झाकणे. यातले एकही काम सरकार येऊन करून देणार नाही, आणि यातल्या बहुतेक कामांना सरकारच्या परवानगीची गरज नाही.

विम्याचेही तसेच. 2023 च्या पुरानंतर सरकारने घरामागे 10 हजार रुपये, दुकानांना 50 हजारांपर्यंत मदत जाहीर केली. ज्याची चूल विझली त्याच्यासाठी 10 हजारही मोलाचे, पण 50 हजारांत किराण्याच्या गोदामाचा एक कोपरासुद्धा भरून निघत नाही. सरकारी मदत जगवण्यासाठी असते, धंदा उभा करण्यासाठी नव्हे. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने सर्व साधारण विमा कंपन्यांना तीन प्रमाणित पॉलिसी ठेवायला लावल्या आहेत: घरासाठी ‘भारत गृह रक्षा’, 5 कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेच्या धंद्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि त्यावर 50 कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. तिन्हींत पूर आणि पाणी साचण्याने झालेले नुकसान धरलेले आहे. ‘आमचा आगीचा विमा आहे’ एवढेच सांगणाऱ्या अनेक दुकानदारांना आपल्या कागदात पुराचाही समावेश आहे की नाही हे माहीत नसते. कागद काढून वाचणे हीसुद्धा जबाबदारीच आहे.

मात्र नागरिक हा शब्द उच्चारताना सगळ्यांना एका ओळीत उभे करता येणार नाही. पेढीचा मालक विमा काढू शकतो. त्याच्या गोदामात पोती वाहणारा हमाल काढू शकत नाही. त्याची रोजी पाण्यात गेली तर तिचा पंचनामाही होत नाही. भाडेकरूला उंबरठा वाढवायचा तर घरमालकाची परवानगी लागते. पूर्व नागपुरात नदीकाठच्या वस्तीत राहणाऱ्याने ती जागा हौसेने निवडलेली नाही. शहराने त्याच्या कमाईला दुसरी जागा ठेवलेली नाही. शिवाय वरच्या अंगाला कोणी नाला दाबला की पाणी त्याच्या घरात जाते. ज्याच्या कृतीने दुसऱ्याची जोखीम वाढते त्याचा वाटा वाढला पाहिजे, आणि ज्याला पर्याय नाही त्याचा वाटा सरकारने उचलला पाहिजे. हे तत्त्व सोडले तर जबाबदारीची वाटणी गरिबावर नवा कर ठरेल.

इतर देशांनी ही वाटणी कायद्यात लिहिलेली आहे. जर्मनीच्या 2009 च्या पाणीविषयक कायद्यात म्हटले आहे की ज्याला पुराचा धोका आहे अशा प्रत्येकाने आपल्याला शक्य आणि वाजवी तेवढी खबरदारी स्वतः घ्यावी. तोच कायदा सरकारी यंत्रणांना धोक्याचे नकाशे करून लोकांसाठी खुले करायला लावतो. कर्तव्य आणि नकाशा जोडीने आले, म्हणून ते कर्तव्य जुलूम ठरले नाही. नेदरलँड्समध्ये शतकानुशतके पाणी मंडळे आहेत. त्यांची निवडणूक होते, त्यांचा वेगळा कर असतो, आणि बांध कोणाच्या पैशाने टिकतो हे प्रत्येक करदात्याला माहीत असते. जपानमध्ये आपत्तीच्या वेळी आधी स्वतःची, मग शेजाऱ्यांची, मग सरकारची अशी मदतीची तिहेरी मांडणी शाळेपासून शिकवतात. आपल्याकडेही बीज आहे. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरण राखण्याचे दायित्व अनुच्छेद 48-क मध्ये राज्यावर आणि तलाव-नद्या जपण्याचे कर्तव्य 51-क मध्ये नागरिकावर, एकाच वेळी घातले. राज्यघटनेने वाटणी केलेली आहे. ती प्रभागापर्यंत उतरवायची राहिली आहे.

शेजाऱ्यांच्या मदतीचा जो मधला थर, त्यात इतवारी श्रीमंत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत आणि पिवळी मारबत याच भागातून निघतात; काळीची परंपरा 1881 पासूनची, पिवळीची 1885 पासूनची. गावाची इडापीडा बाहेर नेण्यासाठी हजारो लोक या अरुंद रस्त्यांवर येतात, आणि कोणता ट्रान्सफॉर्मर सांभाळायचा, कोणत्या वळणावर कोणी उभे राहायचे हे मंडळांना तोंडपाठ असते. गणेश मंडळे, व्यापाऱ्यांचे संघ, हमालांच्या टोळ्या यांचीही बांधणी तशीच आहे. कोणत्या घरात न चालू शकणारी आजी आहे, कोणत्या तळघरात चौकीदार झोपतो, कोणाकडे पंप आहे, याची यादी ही माणसे एका संध्याकाळी करू शकतील. 2023 ची पहाट आठवली की अशी यादी असती तर काय झाले असते हे सांगावे लागत नाही. पुराची इडापीडा मात्र मारबतीसारखी वेशीबाहेर नेऊन जाळता येत नाही. वरच्या ओळीतून ढकललेले पाणी खालच्या ओळीत जाते. म्हणून ही यादी आणि ही तयारी एका ओळीपुरती न राहता पाण्याच्या उताराप्रमाणे जोडलेली असावी.

पुढील प्रकरणे याच क्रमाने येतात. पहिल्या भागात नाग आणि पिवळी या नद्या, शहरातले तलाव आणि जुन्या वस्तीतले पाण्याचे उतार. दुसऱ्या भागात कायदे, यंत्रणा, पूररेषा आणि परवाने. कोणते काम कोणाचे हे सोप्या भाषेत. तिसऱ्या भागात घर, दुकान, गोदाम आणि सोसायटी यांनी करायची कामे, खर्चाच्या चढत्या क्रमाने. चौथ्या भागात विमा, पंचनामा आणि मदत. शेवटी प्रभागासाठी कराराचा एक मसुदा आहे. डाव्या रकान्यात महापालिकेने 31 मे पूर्वी करायची कामे: नालीचे नाव, लांबी, गाळ उचलल्याची तारीख, जबाबदार अभियंत्याचे पद. उजव्या रकान्यात ओळीने करायची कामे: काढलेल्या पायऱ्या, बसवलेल्या जाळ्या, उचललेला माल, भरलेला विमा. तळाशी दोन्ही बाजूंच्या सह्या आणि तो कागद चौकात लावण्याची अट.

या मसुद्यावर वाद होईल, आणि व्हावा. कोणी म्हणेल सरकारला सूट दिली, कोणी म्हणेल व्यापाऱ्यांवर ओझे टाकले. वाचकांना एवढीच विनंती आहे की वाद आकड्यांनिशी आणि नालीच्या नावानिशी करावा. पावसाळ्याआधी आपल्या ओळीतल्या दहा दुकानदारांनी एकत्र यावे, डावा रकाना भरून मागावा आणि मागायला जाण्यापूर्वी उजव्या रकान्यातले निम्मे काम पूर्ण केलेले असावे. आपला वाटा करून आलेल्या माणसाला टोलवणे कोणत्याही कार्यालयाला अवघड जाते, आणि आपली वही उघडी ठेवणाऱ्या कार्यालयाला दोष देणे लोकांनाही जड जाते. भागीदारी तिथून सुरू होते.